गप्प बसलेले जनुक आणि शेवटचे शेत



मी दोन वाक्ये बोललो की पहिल्या रांगेतली मंडळी एकमेकांकडे बघू लागतात, याची मला सवय आहे. आमची मराठी तंजावरची. व्यंकोजीराजांच्या मागोमाग साडेतीनशे वर्षांपूर्वी जी घराणी कावेरीकाठी गेली, त्यांतल्या एका घरातला मी. घरात मराठी, अंगणात तमिळ, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एखादा शब्द फार जुना निघाला किंवा सरळ तमिळच निघाला, तर सांभाळून घ्या. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते वर्गात अवघड संज्ञा फळ्यावर लिहिण्याआधी घरातली एखादी वस्तू मुलांपुढे ठेवत, असे मला इथल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितले. मीही तेच करतो. माझी वस्तू म्हणजे मूठभर तांदूळ.

आधी एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी मी नागपट्टिणम जिल्ह्यात, वेदारण्यमच्या बाजूला एका ओळखीच्या घरी उतरलो होतो. कावेरीचे पाणी जिथे संपते आणि समुद्राचे सुरू होते, त्या पट्ट्यातले ते गाव. संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो, की साध्या भातातले एकच जनुक गप्प केले तर त्या तांदळाला बासमतीसारखा वास येतो. घरातले म्हातारे शेतकरी, ज्यांना सगळे पेरियवर म्हणजे थोरले म्हणतात, विडा चघळत ऐकत होते. विडा एका गालात सारून त्यांनी विचारले, "वाद्यारे, वास येईल हो. पण उप्पु सोसेल का?" वाद्यार म्हणजे मास्तर आणि उप्पु म्हणजे मीठ. मला उत्तर आले नाही. "बघून सांगतो," असे मी म्हणालो. मास्तरांचे हे हुकमी उत्तर तुम्हाला माहीत आहेच. आजचे व्याख्यान म्हणजे तेव्हापासून मी जे बघितले त्याचा हिशेब.

तंजावरचा मुलूख समजून घ्यायचा तर कल्लणैवर उभे राहावे. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा हा दगडी बांध. इंग्रजांनी त्याला ग्रँड अनिकट म्हटले. इथे नदी फुटते. एक फाटा कावेरी, दुसरा वेण्णार, तिसरा १९३४ सालापासूनचा नवा कालवा, आणि जास्तीचे पाणी कोळ्ळिडमच्या पात्रातून समुद्राकडे. पुढे फाट्यांना फाटे फुटतात : अरसलार, कुडमुरुट्टी, वेट्टार. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी मदगु, म्हणजे आपली मोरी, आणि मोरीला दार. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते. मग गावागावांत एकच विषय : कुणाचे दार वर आहे, कुणाचे खाली. अगदी शेवटच्या शेतांना तिकडे कडैमडै म्हणतात. आपल्याकडे कालव्यावर ज्यांना 'टेलचे शेतकरी' म्हणतात, तेच हे.

इथला दारवाला एक गोष्ट जन्मतः जाणतो. नदीत एक थेंब न वाढवता एखाद्या शेतात पाणी वाढवता येते, शेजारच्या फाट्याचे दार पाडले की झाले. मात्र त्याचा परिणाम दाराशी उभ्या माणसाला दिसत नाही. तो दहा मैल खाली दिसतो, आणि तोही चार दिवसांनी.

आता झाडाच्या पेशीकडे वळू. तिथेही मोजका कच्चा माल असतो आणि त्यातून फाटे फुटत हजारो द्रव्ये तयार होतात. फुलाचा रंग, मिरीचा तिखटपणा, कडुनिंबाचा कडूपणा, आस्कंदाच्या मुळातले औषध, तांदळाचा वास, सगळे या फाट्यांचे पाणी. प्रत्येक फाट्यावर काम उरकणारे एक विकर असते, आणि ते विकर कसे घडवायचे याचा मजकूर म्हणजे जनुक. आपल्याला उपयोगी असलेले एखादे द्रव्य वाढवायचे तर आपले पहिले मत असे, की नवे जनुक आणून घाला. बरेचदा त्याची गरज नसते. द्रव्याचा माल दुसरीकडे वळवणारे एखादे दार शोधून ते पाडले, तरी हवे ते द्रव्य साठते. आजच्या विषयाचे मर्म एवढेच.

याचा उत्तम दाखला आपल्या ताटात आहे. तंजावरकडे लग्नाकार्याला सीरग सांबा शिजवतात. सीरगम म्हणजे जिरे. दाणा जिऱ्याएवढा म्हणून हे नाव. तुमच्याकडे जिरेसाळ म्हणतात. दोन मुलखांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता तांदळाला तेच नाव ठेवले, याची मला लहानपणापासून गंमत वाटते. आमची आजी ज्या दिवशी हा तांदूळ वैरे, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच कळे की घरी पाहुणे आलेत. मुळशी-मावळातल्या आंबेमोहोराचे तर नावच वासावरून पडले.

हा वास कशाचा, ते १९८२ साली अमेरिकी कृषी खात्याच्या रॉन बटरी यांनी शोधले. टू-असिटिल-वन-पायरोलीन असे त्या द्रव्याचे लांबलचक नाव. मी त्याला नुसते 'पायरोलीन' म्हणेन, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी. बासमतीत तेच, आणि काही घरी कुंडीत ज्या पानाचे झुडूप लावतात आणि भात शिजताना ज्याचा तुकडा वर टाकतात, त्या बासमतीच्या पानातही तेच. पाण्याच्या अब्ज भागांत त्याचा एक दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळते.

ते तांदळात का साठते, याचा उलगडा २००५ साली ऑस्ट्रेलियात झाला. लुई ब्रॅडबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुवासिक आणि साध्या जाती शेजारी शेजारी ठेवून डीएनएचा मजकूर वाचला. सुवासिक जातींत बीएडीएच-टू नावाच्या एका जनुकातली आठ अक्षरे गळालेली निघाली. आठ अक्षरे गळाल्यावर पुढचे वाक्य निरर्थक होते आणि विकर बनतच नाही. साध्या तांदळात हे विकर एका मधल्या द्रव्याचे 'गाबा' नावाच्या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करून टाकते. विकर नसले की ते मधले द्रव्य तुंबते, आणि तुंबलेल्यातून पायरोलीन तयार होते. म्हणजे बासमतीचा वास ही काही जास्तीची कमाई नाही. एक काम बंद पडले आणि माल तुंबला, त्याचा हा वास. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला आजीचे स्वयंपाकघर आठवले आणि जरा वाईटच वाटले. ज्याला आपण देवाची देणगी म्हणत होतो, ती मजकुरातली गळ निघाली.

पण मग विचार केला, ती गळ कुणी जपली? कुठल्या तरी शेतकऱ्याच्या नाकाने. हजारो लोंब्यांतली एक लोंबी वेगळी वाटली म्हणून त्याने तिचे बी बाजूला ठेवले. आपण जो पांढरा तांदूळ खातो त्याचीही कथा अशीच. रानभात तांबडा असतो. त्या तांबड्या रंगाचे जनुक एका ठिकाणी चौदा अक्षरे गळून बंद पडले, आणि जगातले बहुतेक पांढरे तांदूळ त्याच गळीचे वंशज आहेत, हे २००६ साली दाखवले गेले. जनुके बंद पाडून आपले अन्न घडवणे हे प्रयोगशाळेचे नवे खूळ आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला ताटातला पांढरा भात दाखवावा.

नवे आहे ते एवढेच, की आता गळ होण्याची वाट बघावी लागत नाही. ठरवून जनुक गप्प करता येते. ते कसे, हे तंजावरच्या दरबाराच्या भाषेत सांगतो.

सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांची बाडेच्या बाडे आहेत. दरबारात मूळ दस्त दफ्तरात राही. काम करायचे असेल तेव्हा कारकून त्यावरून नक्कल उतरवी, जासूद ती घेऊन जाई आणि नक्कल वाचून काम होई. पेशीतही असेच चालते. जनुक म्हणजे दफ्तरातला मूळ दस्त, आरएनए ही त्याची नक्कल, आणि ती वाचून विकर घडते. आता समजा, वाटेतच कुणी ती नक्कल ओळखून फाडली. दफ्तर जागेवर आहे, दस्ताला धक्का नाही, कारकूनही मन लावून लिहितो आहे, पण काम काही होत नाही. जनुक गप्प करणे म्हणजे हे.

नक्कल फाडणारा हा पहारेकरी झाडात मुळातच असतो. १९९० साली कॅलिफोर्नियात रिच जॉर्गेन्सन आणि सहकारी पेटुनियाचे फूल अधिक गडद जांभळे करायला निघाले. रंगाच्या जनुकाची आणखी एक प्रत त्यांनी झाडात घातली. फुले उमलली ती काही पांढरी, काही पांढऱ्या पट्ट्यांची. रंग वाढवायला गेले आणि असलेला रंगही गेला. त्याच वर्षी हॉलंडमधल्या संशोधकांनाही हेच दिसले. आठ वर्षांनी, १९९८ साली, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर दाखवले, की दुहेरी पेडाचा आरएनए दिसला की पेशी सावध होते आणि त्याच मजकुराच्या सगळ्या नकला हुडकून नष्ट करते. या शोधाला २००६ चे नोबेल मिळाले. १९९९ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बोल्कम यांना झाडांत पंचवीसेक अक्षरांचे छोटे आरएनए तुकडे सापडले. पहारेकऱ्याच्या हातातली ही ओळखचिठ्ठी. दुहेरी आरएनए बहुधा विषाणूचा असतो, म्हणून झाडाने ही राखण ठेवलेली. आपण करतो ते इतकेच, की ज्या जनुकाला गप्प करायचे त्याचा थोडा मजकूर केसात खोवायच्या आकड्यासारखा दुमडून पेशीत बनवतो. पहारेकऱ्याला वाटते शत्रू आला. तो त्याचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांशी जुळणारी प्रत्येक नक्कल फाडत सुटतो.

हे काम सुवासावर आपल्या पुण्यातच झाले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या डॉ. अल्ताफ नदाफ यांनी सहकाऱ्यांसह आयआर-६४ ही जात घेतली. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची ही १९८५ सालची जात. आशियाभर पिकली, पण तिला वास म्हणून नाही. त्यांनी तिच्यातले तेच बीएडीएच-टू जनुक या पद्धतीने गप्प केले आणि बिनवासाच्या भातात पायरोलीन तयार होऊ लागले. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. ओसरीवर मी ज्याबद्दल बोलत होतो ते हेच.

आता पेरियवरांच्या प्रश्नाकडे जायचे. पण त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या अफूच्या शेताला वळसा घालतो. तिथे औषधांसाठी अफू रीतसर पिकवतात. अफूच्या झाडात मॉर्फिनच्या वाटेवरचे शेवटशेवटचे एक दार पाडायचे, म्हणजे त्याच्या लगतचा माल साठेल, असा हिशेब होता. २००४ साली निष्कर्ष आला. साठले होते ते रेटिक्युलीन, त्या दारापासून सात पायऱ्या वरचे द्रव्य. मधल्या पायऱ्यांवर कुठे तुंबले नाही, एकदम वर फुगवटा आला. कावेरीकाठच्या दारवाल्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. खाली दार पाडले की पाणी दाराशीच साठते असे नाही. ते मागे दाबत जाते आणि जिथे बांध कच्चा तिथे चढते.

दुसरा दाखला लखनौचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आस्कंद, म्हणजे अश्वगंधा. तमिळ वैद्य तिला अमुक्करा म्हणतात. तिच्यातल्या औषधी द्रव्यांना विथॅनोलाइड म्हणतात. झाड यांतल्या काहींना साखरेचा रेणू जोडून दुसऱ्या रूपात ठेवते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साखर जोडणारी जनुके गप्प केली. त्यासाठी त्यांनी एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून निरोप धाडला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : विथॅनोलाइड वाढले. हवे होते ते मिळाले. मात्र त्याच झाडांवर करपा आणणारी अल्टरनेरिया बुरशी सोडली, तेव्हा ती झाडे लवकर बळी पडली. साखर जोडलेली ती द्रव्ये झाडाची ढाल होती. आपण तिला वायफळ फाटा समजलो होतो.

म्हणजे झाडात रिकामे काम करणारे कुणी नसते. आपल्या दृष्टीने जो फाटा माल 'वाया' घालवतो, तो झाडाच्या दृष्टीने कुठल्या तरी शेवटच्या शेताला पाणी देत असतो.

आता मीठ. बीएडीएच-टू बंद पडले की गाबाकडे जाणारी वाट अरुंद होते, हे आपण पाहिले. गाबा हे झाडाचे संकटकाळातले द्रव्य आहे. ताण आला की झाड ते वाढवते. ऑस्ट्रेलियातल्याच टिमथी फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या गटाने सुवासिक आणि बिनवासाचे भात खाऱ्या पाण्यात वाढवून तुलना केली. २०१० साली त्यांनी लिहिले, की मिठाखाली सुवासिक भाताचे उत्पन्न अधिक घटते. पेरियवरांनी ना जनुक पाहिले होते ना गाबा. त्यांनी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी पाहिली होती. समुद्र शेतात शिरला, आणि पुढे त्यांनी कोणत्या वाफ्यात काय उगवते आणि काय जळते ते डोळ्यांनी बघितले होते. त्यांच्या एका प्रश्नात हा सगळा निबंध होता.

मग हे तंत्र टाकून द्यायचे का? मुळीच नाही. दार कुठे आणि केव्हा पाडायचे, हे शिकायचे. टोमॅटोचे उदाहरण घ्या. डीईटी-वन हे जनुक सगळ्या झाडात गप्प केले तर झाडाचीच वाढ बिघडते. २००५ साली एका गटाने ते फक्त पिकणाऱ्या फळात गप्प केले. झाड धडधाकट राहिले आणि फळात लाल-पिवळी कॅरोटिनॉइड आणि फ्लॅव्होनॉइड अशी दोन्ही कुळांतली द्रव्ये वाढली. सरकीचे उदाहरण तर विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना जवळचे. सरकीत प्रथिन भरपूर, पण गॉसिपॉल नावाच्या विषामुळे माणसाला ते खाता येत नाही. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी २००६ साली ते विष फक्त बियात थांबवले. पानांत आणि बोंडांत ते राहू दिले, कारण तिथे ते किडींना दूर ठेवते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने या कपाशीला मोकळीक दिली. ढाल काढायची तर ज्या अंगावर वार होत नाही, तिथलीच काढावी, एवढे साधे शहाणपण त्यात आहे.

आणि बंद करण्याचा परिणाम दरवेळी तोट्याचाच असतो असेही नाही. मे २०२५ मध्ये भारत सरकारने जनुक-संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यांतली एक, पुसा डीएसटी राईस १, ही दुष्काळ आणि मीठ सोसण्यासाठीच घडवलेली. तिच्यातही एक जनुक बंद केले आहे. ते चालू असले की पानावरची रंध्रे जास्त उघडी राहतात, बंद पडले की पाणी जपले जाते. इथे नक्कल फाडलेली नाही, दफ्तरातल्या मूळ दस्तातलीच ओळ खोडली आहे. कायद्याला हा फरक मोठा वाटतो. आकडा घालून गप्प केलेल्या भातात बाहेरून आणलेला डीएनए राहतो, म्हणून त्याला १९८९ च्या कडक नियमांतून जावे लागते. नुसती ओळ खोडलेल्या पिकांना मार्च २०२२ पासून त्यांतल्या काही पायऱ्या माफ आहेत. माझे म्हणणे असे, की शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींना विचारायचा प्रश्न एकच : दार पाडलेत, आता खाली कोण कोरडे पडले ते पाहून आलात का? एक जनुक बंद केल्याने वास येतो आणि मीठ सोसवत नाही. दुसरे बंद केल्याने मीठ सोसवते. कागदावर दोन्ही कृती सारख्याच आहेत, आणि दोघांचा निकाल शेतातच लागतो. तोही कल्लणैजवळच्या गोड्या पाण्याच्या शेतात पुरता लागत नाही, कडैमडैच्या शेतात लागतो.

चाचणी लिहून ठेवायची सवय आमच्या मुलखाला जुनी आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्य एका छताखाली बसवले होते. गुण आलेली औषधे तमिळ पद्यात बांधून ठेवली गेली. त्यांच्याच पंक्तीत मी कावेरीकाठच्या दोन अलीकडच्या माणसांना बसवतो. तंजावर जिल्ह्यातल्या इळंगाडूत जन्मलेले, सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळ्वार, आणि त्यांच्या प्रेरणेने तिरुत्तुरैपूंडीच्या परिसरात २००६ पासून बियाण्यांचा उत्सव भरवणारे जयरामन. लोक त्यांना नेल जयरामन म्हणत. नेल म्हणजे भात. दीडशेहून अधिक देशी जाती त्यांनी गोळा केल्या. शेतकऱ्याला दोन किलो बी द्यायचे आणि पुढच्या वर्षी चार किलो परत मागायचे, असा त्यांचा रिवाज. २०१८ च्या डिसेंबरात ते गेले. या जातींतल्या प्रत्येकीत कोणती दारे उघडी आणि कोणती बंद, याची नोंद कुणीतरी शेतकऱ्याने चवीने, उंचीने, वासाने, मिठाने करून ठेवली आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाने पहिला नकाशा तिथून घ्यावा.

गेल्या हंगामाआधी मी पुन्हा वेदारण्यमला गेलो. पेरियवरांना सांगितले, "वास येईल. पण तुमच्या जमिनीत तो भात अधिक मार खाईल. वरच्या गोड्या पाण्यात लावावा." ते हसले नाहीत, 'मी म्हटले नव्हते का?' असेही म्हणाले नाहीत. आत गेले आणि एक पडी भात घेऊन आले. पडी म्हणजे तिकडचे माप, आपल्या पायलीच्या जातीचे. कुळियडिच्चान जात. किनाऱ्याकडची, मीठ सोसणारी. वास नाही. "घेऊन जा. पुढच्या वर्षी दोन पडी आणून दे," म्हणाले.

मला जमीन नाही. मी चौथ्या मजल्यावर राहतो. भात डब्यात आहे, बी जिवंत आहे, आणि दोन पडी देणे डोक्यावर आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या जाती काढल्या, म्हणजे खार जमिनीचे दुःख तुमच्याकडेही आहे. तुमच्यापैकी कुणाचे खाडीकाठी शेत असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. डबा मी बरोबर आणला आहे.